ड्रॅगनचा खांदा कुठे असतो?

शाळेच्या भित्तिपत्रकावर, वह्यांच्या मागच्या पानांवर, आणि चित्रकलेच्या तासाला 'मनाने काहीही काढा' असे सांगितल्यावर गोळा होणाऱ्या कागदांवर अलीकडे एक प्राणी हमखास भेटतो. लांब मान, अंगभर खवले, वटवाघळासारखे पंख, चार पाय, बाणाच्या टोकाची शेपटी आणि तोंडातून निघणारी आग. हा युरोपातला ड्रॅगन. आपल्या आजीच्या गोष्टींत तो नव्हता. चित्रपट, मालिका आणि संगणकावरचे खेळ यांच्या वाटेने तो आला आणि मुलांच्या पेन्सिलीत स्थिरावला. मुले एकमेकांचे ड्रॅगन पाहतात, त्यावरून आपला काढतात, पुन्हा दुसऱ्याला दाखवतात. कोणीही न शिकवता चाललेली ही एक कार्यशाळाच आहे.

या चित्रांना मोठ्यांकडून बहुधा दोनच प्रकारची उत्तरे मिळतात. एक, 'छान आहे' म्हणून कागद परत देणे. दुसरे, 'असला प्राणी नसतो, त्यापेक्षा पेशीची आकृती काढ' असे सांगणे. दोन्ही उत्तरांत चित्राकडे पाहणे राहूनच जाते. पहिल्या उत्तराने मूल पुढे सरकत नाही, दुसऱ्याने ते चित्र काढणेच सोडण्याची शक्यता असते. म्हणून या लेखात आम्ही अशा हौशी चित्रांची समीक्षा करणार आहोत. ती कोणा एका मुलाच्या चित्राची नाही. या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गुणदोषांची आहे.

सुरुवातीलाच एक रास्त शंका निघेल. जो प्राणी अस्तित्वातच नाही, त्याचे चित्र चुकले असे म्हणायचे तरी कशाच्या आधाराने?

सुटे भाग आणि सांधे

या शंकेचे उत्तर जुन्या चित्रकारांनी देऊन ठेवले आहे. लिओनार्दो दा विंची याने आपल्या टिपणांत ड्रॅगन काढू इच्छिणाऱ्याला सल्ला दिला, तो असा: काल्पनिक प्राणी खरा वाटायला हवा असेल तर त्याचा प्रत्येक अवयव एखाद्या खऱ्या प्राण्याचा असू द्यावा. डोके शिकारी कुत्र्याचे, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, मान कासवाची, अशी यादीच त्याने दिली आहे. चिनी परंपरेतही ड्रॅगनची नऊ साम्ये सांगतात. त्यांत हरणाची शिंगे, उंटाचे डोके, सापाची मान, कार्प माशाचे खवले, गरुडाच्या नख्या, वाघाचे पंजे आणि बैलाचे कान येतात. ओडिशातील पट्टचित्रांत दिसणारा नवगुंजर हाही नऊ प्राण्यांचा मिळून झालेला आहे. आपल्या मंदिरांवरचे व्याल आणि मकर, किंवा महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवरचे शरभ याच जातीचे.

म्हणजे काल्पनिक प्राण्याचे सुटे भाग ओळखीचे असतात. त्यामुळे पहिली कसोटी आपोआप मिळते. मांजराचा डोळा म्हणून काढलेला डोळा मांजराचा वाटतो का, हे कोणालाही तपासता येते. हौशी चित्रे या कसोटीला बरीच उतरतात. डोळे, दात, नखे यांवर मुले भरपूर मेहनत घेतात.

दुसरी कसोटी सांध्यांची. हे भाग एकमेकांना जोडले कसे आहेत? मान धडात कुठे शिरते, पाय कुठून निघतो, वजन कोणत्या हाडावर येते? बहुतेक चित्रे घसरतात ती इथे. म्हणूनच एखादा ड्रॅगन दुरून भीतिदायक दिसतो, पण जवळून पाहिला तर कागदावर चिकटवलेल्या तुकड्यांसारखा वाटू लागतो.

पंख कुठून निघतात?

सर्वात जास्त वेळा दिसणारा दोष पंखांचा. पाठीच्या मधोमध दोन पंख, दप्तर अडकवावे तसे, लावलेले असतात. खाली ना खांदा, ना स्नायू. उडण्यासाठी पंख खाली ओढावा लागतो, आणि ते काम छातीचे स्नायू करतात. कबुतरात या स्नायूंचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे पंचमांश असते. म्हणून पक्ष्याची छाती पुढे आलेली असते आणि छातीच्या हाडाला नावेच्या तळासारखी उभी कड असते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली आकारमानावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. (हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.) त्यात त्यांनी गमतीने म्हटले होते की चित्रांतल्या देवदूताला उडायचे असेल तर त्याची छाती सुमारे चार फूट पुढे आलेली असावी लागेल. ड्रॅगनलाही हेच लागू आहे. पंख मोठा काढण्याआधी छाती काढावी.

पंखाच्या आतली रचनाही पाहण्यासारखी असते. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच. चार लांब बोटांमध्ये कातडी ताणलेली असते, अंगठा मोकळा राहतो, आणि सगळी बोटे मनगटातून निघतात. हौशी चित्रांत पंखाच्या काड्या कुठूनही निघतात. कधी कोपरातून, कधी नुसत्या हवेतून. एवढे एक सुधारले तरी पंख एकदम उघड-मीट होण्याजोगा वाटू लागतो. पंखाची कडही अशीच. दोन बोटांमधली कातडी ताणलेली असेल तर तिची मोकळी कड आत वळते. उघडलेल्या छत्रीच्या दोन काड्यांमधली कापडाची कड पाहावी. ती बाहेर फुगवून काढली तर पंख ताणलेला न वाटता उशीसारखा भरलेला वाटतो. छत्री प्रत्येक शाळेत असते, तेव्हा हा प्रयोग लगेच करता येईल.

आता सहा अवयवांचा प्रश्न. पृष्ठवंशी प्राण्यांना पायांच्या दोनच जोड्या असतात. पक्षी, वटवाघूळ आणि नामशेष झालेले टेरोसॉर या तिघांनीही पुढचे पाय खर्ची घालून पंख मिळवले. २०१५ साली चीनमधून 'यी ची' नावाच्या एका लहान डायनोसॉरचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या मनगटातून निघालेली हाडासारखी एक लांब काडी पातळ कातडीचा पंख ताणून धरत असावी असे दिसते. पण तोही पंख हाताचाच. मग चार पाय आणि शिवाय दोन पंख असलेला ड्रॅगन चूक म्हणायचा का?

आमच्या मते, नाही. नियम मोडण्याची मुभा कल्पनेला असलीच पाहिजे. मात्र मोडलेल्या नियमाचे परिणाम चित्रात दिसले पाहिजेत. सहा अवयव हवेत तर पुढच्या पायांचा एक खांदा आणि पंखांचा दुसरा, अशी दोन खांद्यांची सोय करावी लागेल. मग धड लांब होईल, छाती दुहेरी होईल. ज्याने हे काढले त्याने एका नव्या प्राणिकुळाचा विचार केला. ज्याने नुसते पंख चिकटवले त्याने तो केला नाही. समीक्षेने नोंद घ्यायची ती या फरकाची.

निसर्गाने चार पाय राखून पंखांसारखे काही मिळवल्याचे एक उदाहरणही आहे, आणि ते आपल्या शेजारीच आहे. केरळपासून गोव्यापर्यंतच्या पश्चिम घाटात उडता सरडा आढळतो. त्याच्या लांबलेल्या बरगड्या कातडीचा पडदा दोन्ही बाजूंना पसरून धरतात. चारही पाय मोकळे! पण बरगड्यांचा हा पडदा फडफडवता येत नाही. तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो, एवढेच. या सरड्यांच्या वंशाला शास्त्रीय नावच 'ड्रॅको' असे आहे. १७५८ साली लिनियसने ते वापरले. ड्रॅगन काढणाऱ्या मुलाला हा सरडा दाखवणे हीच एक उत्तम समीक्षा ठरेल.

उलटा गुडघा

दुसरा दोष मागच्या पायाचा. कुत्र्याच्या किंवा म्हशीच्या मागच्या पायात मागे वळलेला एक सांधा दिसतो. मुले त्याला 'उलटा गुडघा' समजतात आणि ड्रॅगनच्या पायालाही तसाच एक देतात. मग वरचा खरा गुडघा काढायचा राहून जातो. वास्तविक तो सांधा गुडघा नसून टाच आहे. हे प्राणी बोटांवर चालतात, त्यामुळे टाच जमिनीपासून उंच राहते. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि आपल्यासारखाच पुढे वळतो. वर्गाला चवड्यांवर उभे करून गुडघे किंचित वाकवायला सांगितले, की ही रचना शब्दांशिवाय समजते. चांगल्या घडणीच्या व्यालशिल्पापुढे उभे राहून सांधे मोजून पाहावेत. डोके हत्तीचे असो वा सिंहाचे, पाय वजन पेलणारा वाटतो तो सांध्यांच्या जागा राखल्या असतील तरच.

खवल्यांबद्दल थोडक्यात. अंगभर एकाच मापाची जाळी काढण्याची सवय दिसते. सापाच्या पाठीवरचे खवले लहान आणि बहुतेक सापांच्या पोटावरचे रुंद, आडवे असतात. शरीर जिथे वळते तिथे ओळीही वळतात. सगळे खवले काढण्याची गरजच नसते. कडेला आणि वळणावर काढले तर बाकीचे पाहणाऱ्याची नजर भरून घेते.

शिंगे आणि सुळे एकत्र असावेत का, यावर क्यूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाची एक आख्यायिका सांगतात. सैतानाचे सोंग घेऊन विद्यार्थी त्याला भेडसावायला आला, तेव्हा 'शिंगे आणि खूर आहेत, म्हणजे तू गवत खाणारा. मला काय खाणार?' असे म्हणून तो कूस बदलून झोपला. गोष्ट खरी असो वा नसो, प्रश्न अचूक आहे. हा प्राणी खातो काय? चित्रकाराला याचे उत्तर ठाऊक असेल तर दात, जबडा आणि पोट आपोआप जुळतात.

दहापट मोठा गरुड

चित्रात शेजारी किल्ला किंवा माणूस काढला, की ड्रॅगनचे माप ठरते. इथे गणिताच्या शिक्षकांनीही तासाला यावे. समजा, पंखविस्तार २ मीटर आणि वजन ४ किलो असलेला एक गरुड आहे. तो सर्व बाजूंनी दहापट मोठा केला. पंखविस्तार २० मीटर झाला, पंखांचे क्षेत्रफळ १०० पट झाले, पण वजन १००० पट, म्हणजे ४००० किलो झाले. हे वजन एखाद्या हत्तीएवढे आहे. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर आता दहापट भार आला. पंखाला मिळणारा उचल देणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हवेत राहायला त्याला सुमारे सव्वातीनपट वेग लागेल. हाडांचेही तेच. वजन पेलायला ती लांबीच्या मानाने अधिक जाड व्हावी लागतात, हे गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात आकृती काढून दाखवले आहे. आजवर माहीत असलेल्या सर्वात मोठ्या उडणाऱ्या प्राण्यांपैकी एक म्हणजे क्वेट्झलकोअ‍ॅटलस हा टेरोसॉर. त्याचा पंखविस्तार १० ते ११ मीटर आणि वजन २०० ते २५० किलो असावे असा अंदाज आहे. किल्ल्यावर बसणारा ड्रॅगन याच्या फारच पुढचा.

मग तो काढूच नये का? काढावा, पण त्याच्यासाठी जग बदलावे. शनीचा उपग्रह टायटन याच्यावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे सातव्या हिश्शाचे आहे आणि हवा आपल्या हवेच्या सुमारे चौपट दाट आहे. तिथे उडणे फार सोपे. टायटनवरचा ड्रॅगन काढायला सांगितला तर पाय बारीक चालतील, पंख लहान चालतील. मात्र त्या हवेत मोकळा ऑक्सिजन नाही, तेव्हा तोंडातली आग पेटणार नाही! एका सवलतीबरोबर दुसरी अडचण येते, हे मुलांना व्याख्यानापेक्षा अशा चित्रातून लवकर पटते.

नकलेची नक्कल

आतापर्यंतचे दोष एकेका चित्रातले होते. यापुढचा दोष चित्रे वाटून घेण्याच्या पद्धतीतला आहे. शेजाऱ्याच्या चित्रावरून चित्र काढणे वाईट नाही. हात त्यानेच तयार होतो. पण प्रत्येकाने फक्त चित्रांवरूनच चित्रे काढली तर पहिल्याची चूक सगळ्यांची होते. मनगट सोडून कोपरातून निघालेल्या काड्या एका वर्गातल्या दहा चित्रांत दिसतात, त्या अशाच.

याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण गोव्याहून निघालेले आहे. गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना भेट मिळालेला एक गेंडा १५१५ च्या सुरुवातीस गोव्यातून जहाजावर चढवला गेला आणि २० मे १५१५ रोजी लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधीही पाहिला नाही. आलेले वर्णन आणि एक रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. कातडीच्या घड्या चिलखतासारख्या झाल्या आणि खांद्यांवर एक जादा शिंग उगवले. चित्र इतके देखणे होते की पुढे दोन शतकांहून अधिक काळ युरोपातील पुस्तकांत त्याच्याच नकला होत राहिल्या, आणि त्या जादा शिंगासकट! ड्यूररच्या कौशल्यात काही उणे नव्हते. उणीव होती ती एवढीच की नक्कल करणाऱ्यांपैकी कोणी 'हे शिंग कोणी पाहिले आहे?' असे विचारले नाही.

असे विचारणारा माणूस काय करू शकतो, हे १७३५ साली हॅम्बर्गमध्ये दिसले. तिथे सात डोक्यांचा एक पेंढा भरलेला राक्षसी सर्प मौल्यवान ठेवा म्हणून जपलेला होता. तरुण लिनियसने तो बारकाईने पाहिला. जबडे आणि पंजे मुंगुसासारख्या छोट्या शिकारी प्राण्याचे, म्हणजे वीझलचे होते, आणि वरून सापाची कातडी चिकटवलेली होती. त्याने तपासले ते सुटे भाग आणि त्यांचे सांधे. आपण ड्रॅगनच्या चित्राला लावतो त्याच या दोन कसोट्या.

हा दोष विज्ञानाच्या शिक्षकांना अनोळखी नसावा. प्रयोगवहीतल्या किती आकृत्या सूक्ष्मदर्शकात पाहून काढलेल्या असतात, आणि किती गेल्या वर्षीच्या प्रयोगवहीवरून? स्वच्छ, नावे दिलेली आणि न पाहिलेली आकृती आपण बरोबरची खूण करून परत देतो. उलट आपला ड्रॅगन जमावा म्हणून घरातली पाल तासभर न्याहाळणारे मूल निरीक्षणाचा धडा स्वतःहून गिरवत असते. 'असला प्राणी नसतो' म्हणून त्याला थांबवले तर आपण नेमके काय थांबवतो, याचा विचार व्हायला हवा.

तज्ज्ञांची चित्रेही सुधारावी लागतात

मुलांना हेही सांगावे की चित्र सुधारावे लागणे हा नवशिकेपणाचा पुरावा नाही. इग्वानोडॉन या डायनोसॉरचे वर्णन गिडियन मँटेल याने १८२५ साली केले. पुढे सापडलेले एक टोकदार हाड गेंड्याच्या शिंगासारखे नाकावर बसवले गेले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात १८५४ साली उभे केलेले पुतळे आजही नाकावर ते शिंग मिरवत आहेत. १८७८ साली बेल्जियममधील बेर्निसार येथील कोळशाच्या खाणीत अनेक पूर्ण सांगाडे मिळाले, आणि ते हाड अंगठ्याचे असल्याचे सिद्ध झाले. जुने चित्र काढणारे मूर्ख नव्हते. त्यांनी हाती होते त्यावरून चित्र केले आणि ते सर्वांपुढे मांडले, म्हणून तर पुढच्यांना ते दुरुस्त करता आले.

वर्गात काय करता येईल?

अमेरिकेतील शिक्षक रॉन बर्जर एका पहिलीतल्या मुलाच्या चित्रांचे उदाहरण देतात. त्याला फुलपाखराचे शास्त्रीय चित्र छायाचित्रावरून काढायचे होते. पहिले चित्र कोणत्याही लहान मुलाचे असते तसेच होते. वर्गमित्रांनी आधी फक्त पंखांच्या आकारावर सूचना दिल्या, नंतर नक्षीवर. सहाव्या वेळचे चित्र पाहून ते त्याच मुलाचे आहे यावर विश्वास बसत नाही. बर्जर यांची सूचनांसाठी अट तीन शब्दांची आहे: सूचना प्रेमळ हवी, नेमकी हवी आणि उपयोगी हवी.

ड्रॅगनसाठी हीच रीत वापरता येईल. चित्रे भिंतीवर लावावीत. प्रत्येक चित्राबद्दल आधी एक जमलेली गोष्ट जागेसह सांगावी: 'मानेचा वाक छान आहे, कारण खालचे खवले तिथे ताणलेले दिसतात.' मग दोषाचा शेरा न मारता प्रश्न विचारावा: 'पंख मिटला तर तो कुठे मावेल?', 'हा खातो काय?', 'याचा खांदा बोटाने दाखवशील का?' एका वेळी एकच प्रश्न पुरे. दहा सुधारणा एकदम सांगितल्या तर एकही होत नाही. त्यानंतर मुलाला खऱ्या नमुन्याकडे पाठवावे: कोंबडी, पाल, म्हैस, जुन्या वाड्यातले वटवाघूळ (दुरूनच), नाहीतर छायाचित्र. दुसरे चित्र नव्या कागदावर काढावे आणि पहिले तारीख घालून जपावे. जे दुसऱ्याच्या चित्रावरून घेतले असेल ते कोपऱ्यात नावासह लिहावे. शास्त्रज्ञ आपल्या निबंधात हेच करतात. हा प्रामाणिकपणा सातवीपासून अंगी लागायला हरकत नाही.

आता संगणकाला दोन ओळी सांगितल्या की काही सेकंदांत तकतकीत ड्रॅगन तयार होतो. मुलांना त्यापुढे आपले चित्र फिके वाटणे साहजिक आहे. अशा वेळी ते तकतकीत चित्रही भिंतीवर लावावे आणि तेच प्रश्न विचारावेत. बोटे मनगटातून निघतात का? खांदे किती? चित्र देखणे असणे आणि त्यातला प्राणी विचारपूर्वक घडवलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ड्यूररच्या गेंड्याने पाचशे वर्षांपूर्वीच दाखवले आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत ड्रॅगन सहसा येत नाही, विज्ञानाच्या अभ्यासक्रमात तर नाहीच. त्याला गुण मिळणार नाहीत. तरीही पुढच्या वेळी एखाद्या वहीच्या मागच्या पानावर तो दिसला, तर पान उलटण्याआधी त्याच्या खांद्याकडे बोट दाखवून एक प्रश्न जरूर विचारावा. उत्तर शोधायला मूल बहुधा पालीकडे किंवा कोंबडीकडे जाईल, आणि जीवशास्त्राच्या तासाला आपल्याला नेमके हेच हवे असते.